अर्ध्या मिनिटाची घंटा

सहाय्य कक्षाच्या समन्वयक म्हणून सेकंदबाईंची निवड एकमतानं झाली, याचं मुख्य कारण त्या सभेला हजर नव्हत्या. सभा साडेतीनला होती, आणि साडेतीनला प्रयोगशाळेतल्या फ्रीजचं तापमान वहीत उतरवायचं असतं. सभा की फ्रीज, असा प्रश्न बाईंना पडलाच नाही. त्या खाली 'चार अंश' लिहीत होत्या तेव्हा वर त्यांचं नाव सुचवलं गेलं, त्याला अनुमोदन मिळालं, टाळ्याही झाल्या. प्रयोगशाळेचे मदतनीस मामा चहा द्यायला वर गेले होते, ते बातमी घेऊन खाली आले.

"बाई, अभिनंदन. तुमच्या गळ्यात काहीतरी पडलंय."

"काय?"

"ते नीट कळलं नाही. पण सगळे सुटल्यासारखे हसत होते. म्हणजे काम असणार."

ते महाविद्यालय दोन वर्षांत माणसाला कामाला लावायचं. रक्त तपासणं, एक्स-रे काढणं, दातांच्या कवळ्या बनवणं, फ्रीज दुरुस्त करणं असले अभ्यासक्रम होते, आणि तिथे पाठांतरापेक्षा हाताला किंमत होती. बाई बावीस वर्षं रक्त तपासायला शिकवत होत्या. सेकंदबाई हे नाव त्यांना मुलांनी ठेवलेलं. कुणी "साधारण पाच मिनिटं" म्हणालं की त्या विचारत, "साधारण म्हणजे किती सेकंद?" हे नाव आपल्या कानावर आलेलंच नाही असं त्या इतकी वर्षं दाखवत आल्या होत्या, आणि तेही काटेकोरपणे.

सहाय्य कक्ष नवा होता. अपंग विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय काय करतं, अशी विचारणा वरून आली होती, आणि काय करतं हे कुणालाच आठवेना, म्हणून तो काढला होता. कार्यालयाच्या अधीक्षकांनी स्वतः बसून त्याचा अर्ज तयार केला. त्यात चार चौकटी होत्या: जादा वेळ, लेखनिक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, आणि प्रात्यक्षिक परीक्षेतून सूट. हवी त्या चौकटीत खूण करायची. अर्जाची मुदत प्राचार्यांनी स्वतः ध्वनिक्षेपकावरून तीन वेळा जाहीर केली. मुदत संपली तरी एकही अर्ज आला नाही, तेव्हा त्यांना समाधान वाटलं.

"म्हणजे आपल्याकडे कुणाला अडचणच नाही," ते बाईंना म्हणाले. "अहवालात तसं घेऊन टाका."

मुदत संपल्याच्या पाचव्या दिवशी चिमटी तिच्या मावशीला घेऊन प्रयोगशाळेत आली.

चिमटी दुसऱ्या वर्षाला होती. चार वर्षांची असताना ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. समोरच्याचे ओठ वाचून ती बोलणं समजून घेई, आणि बोलताना एकेक शब्द तराजूत ठेवल्यासारखा सपाट आवाजात ठेवी. शरीरानं काडी. काचेची कसलीही वस्तू दोन बोटांत अशी धरायची की ती थरथरत नसे, म्हणून वर्गानं तिला चिमटी म्हणायला सुरुवात केली. तिला ते समजलं तेव्हा ती खूश झाली होती.

मावशी बसमध्ये कंडक्टर होती. ड्यूटीवरून थेट आलेली, खांद्याला पैशांची पिशवी, तोंडात दिवसभर भरलेल्या बसवर ओरडलेला आवाज.

"बाई, हिच्या अर्जाची तारीख गेली म्हणे. अहो, भोंग्यावर सांगितलंत! ही बहिरी आहे. बहिऱ्या माणसांसाठी सोय केलीय आणि ती भोंग्यावर ओरडून सांगताय. आमच्या बसमध्ये सुद्धा असली डोकी नसतात, आणि आमच्याकडे सगळ्या प्रकारची असतात."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते सहीच्या कागदाकडे वळवलं. "अर्ज मी घेते. काय हवंय तुला?" त्या चिमटीकडे तोंड करून, मुद्दाम हळू न करता, नेहमीच्याच वेगानं बोलल्या. हळू बोललेले ओठ तिला वाचता येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

"घड्याळ," चिमटी म्हणाली. "परीक्षेत. हातावर."

बाईंनी अर्ज उलटासुलटा पाहिला. घड्याळाची चौकट नव्हती.

घड्याळाचं कारण असं. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ही तपासणी प्रात्यक्षिकात हमखास येते. जोडीदाराच्या बोटाला टोचायचं, रक्त केसासारख्या बारीक काचेच्या नळीत घ्यायचं, आणि दर अर्ध्या मिनिटाला नळीचा छोटा तुकडा मोडून बघायचं. मोडलेल्या दोन टोकांमध्ये रक्ताचा बारीक धागा ताणला गेला की रक्त गोठलं, आणि टोचल्यापासून तोवर गेलेला वेळ वहीत लिहायचा. डोळे नळीवर लागतात, म्हणून वेळ कानानं मोजायचा. त्यासाठी प्रयोगशाळेच्या कपाटावर चावीची एक जुनी लोखंडी घंटा होती, ती दर अर्ध्या मिनिटाला टण्ण करायची. मुलं नळीकडे बघत टण्ण मोजायची. चिमटीला टण्ण नव्हतं. ती मनगटावरचं घड्याळ उलटं, आतल्या बाजूला तबकडी करून बांधायची. नळी डोळ्यांसमोर धरली की तबकडी नळीच्या अगदी मागे यायची. एकाच नजरेत धागाही दिसे आणि सेकंदकाटाही. वर्षभर ती अशीच काम करत आली होती. पण परीक्षेत घड्याळाला बंदी होती. तीन वर्षांपूर्वी एकानं मनगटावरच्या घड्याळात सगळी उत्तरं आणली होती, तेव्हापासून अधीक्षकांनी नोटीस लावली होती: घड्याळं दारातल्या टोपलीत, वेळ घंटेनं कळेल.

"आणि मला तशीच पास व्हायचंय," चिमटी म्हणाली. "सूट नको."

मावशीनं उलगडा केला. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेनं चिमटीला बोलावून हात पाहिला होता आणि जागा ठेवतो म्हणाले होते. फक्त प्रमाणपत्रावर प्रात्यक्षिकाचे गुण हवेत. "सूट असं लिहिलेलं आलं तर दारातूनच परत. त्यांचं तरी काय चुकलं? मला कुणी म्हटलं, ही ड्रायव्हर चांगली आहे, फक्त हिला गाडी चालवण्यातून सूट दिलीय, तर मी बसेन का त्या गाडीत?"

परीक्षेला आठ दिवस होते. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांच्या खोलीत बैठक बसली.

प्राचार्य मनानं मोठे होते आणि ते सर्वांना दिसावं याची काळजी घेत. त्यांनी मावशीला विचारलं, "हिला आपण काय मदत करू शकतो?"

"तिलाच विचारा की. तुमच्याकडेच तोंड करून बसलीय."

प्राचार्य चिमटीकडे वळले आणि गच्चीवरून खाली रस्त्यावर हाक मारावी तसे म्हणाले, "काय! हवंय! बाळ!"

"ओरडू नका सर," चिमटी म्हणाली. "ओठ वाकडे होतात. वाचता येत नाहीत."

"घड्याळ हवंय तिला," बाई म्हणाल्या. "काट्यांचं, साधं. मी आधी तपासून घेईन."

"घड्याळ नाही," अधीक्षक म्हणाले. "घड्याळ कुणालाच नाही. घंटा आहे. घंटा सर्वांना सारखी."

"तिला ती ऐकू येत नाही."

"म्हणूनच तर सहाय्य कक्ष आहे!" अधीक्षकांनी अर्ज पुढे सरकवला. "जादा वेळ घ्या. तासाला वीस मिनिटं. म्हणजे ही तपासणी पाच मिनिटांची असेल तर..." त्यांनी कागदावर हिशेब केला. "शंभर सेकंद जादा."

"ते रक्ताला कोण सांगणार?" बाईंनी विचारलं. "गोठताना शंभर सेकंद थांब म्हणून?"

अधीक्षकांनी हे मनावर घेतलं नाही. "मग लेखनिक द्या. घंटा वाजली की तो तिला सांगेल."

"कुठे? कानात?" मावशी म्हणाली.

"खांद्यावर टिचकी मारेल हो."

"काच मोडताना कुणी खांद्यावर टिचकी मारली तर काच बोटात जाईल," बाई म्हणाल्या. "शिवाय नियम बघा."

अधीक्षकांनी नियम बघितला. नियम त्यांनीच लिहिला होता. 'लेखनिकानं परीक्षार्थीला कोणत्याही कारणानं स्पर्श करू नये.' त्यांचा चेहरा पडला, पण नियम किती नेमका लिहिलाय या अभिमानानं पुन्हा वर आला.

"मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका?" प्राचार्यांनी सुचवलं. मग त्यांनीच ती मागे घेतली आणि हात पसरले. "हे बघा, कशाला त्रास? सरळ सूट देऊ. परीक्षाच नको. तशीच पास! आजवर आम्ही कुणाला एवढं दिलेलं नाही."

चिमटी त्यांच्या ओठांकडे एकटक बघत होती. तिला नेमकं समजलं होतं. "मला येतं ते काम," ती म्हणाली. "येतं त्याची सूट का घेऊ?"

प्राचार्य दुखावले गेले होते. "आम्ही चार-चार गोष्टी देतोय, आणि तुम्ही एका घड्याळावर अडून बसलाय. उद्या बाकीचे बत्तीस म्हणतील, तिला घड्याळ आणि आम्हाला नाही, हा पक्षपात! जादा वेळ दिला तर पक्षपात होत नाही, तो अर्जात आहे. बाई, तुम्ही समन्वयक. हिला घड्याळाची गरज आहे असं पुराव्यासह लिहून द्या. आकडे द्या. मग बघू."

आकडे द्या म्हटल्यावर बाईंना खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. पण त्या खाली आल्या त्या काळजीतच. कारण चिमटीचे आकडे त्यांना माहीत होते, आणि ते चुकीचे होते. वर्षभर घड्याळ बांधूनही या तपासणीत तिचा वेळ कधी इतरांशी जुळला नव्हता. वेळ मोजून रंगात ठेवायच्या काचपट्ट्यांचंही तेच. सगळ्यांच्या गडद, हिच्या फिक्या. वीसपैकी नऊच्या वर बाईंनी तिला गुण दिले नव्हते. हात चांगला, पण वेळेत ढिली, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी तिच्या वहीत लाल शाईनं दोनदा लिहिलंही होतं: 'वेळेचं भान नाही.' आता त्याच वहीतून तिला घड्याळ का द्यावं याचा पुरावा काढायचा होता.

त्यांनी तेहेतीस वह्या टेबलावर मांडल्या. जोड्या दर आठवड्याला बदलत, त्यामुळे एकाच मुलाचं रक्त चार-पाच जणांनी तपासलेलं असे. ज्यांचं रक्त चिमटीनं तपासलं होतं अशा सात जणांची नावं बाईंनी एकाखाली एक लिहिली. शेजारी बाकीच्यांनी काढलेला वेळ, त्याच्या शेजारी चिमटीचा. पाच मिनिटं, सहा मिनिटं. साडेपाच, साडेसहा. पाच, सहा. साडेचार, साडेपाच. चार, पाच. पुन्हा पाच, सहा. पुन्हा साडेपाच, साडेसहा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. ढिला माणूस कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. ही सातही वेळा एकाच बाजूला चुकली होती, आणि प्रत्येक वेळी साधारण एक पंचमांशानं. साधारण हा शब्द मनात आला तसा त्यांनी भागाकार करून पाहिला. इतकी शिस्तीत कुणी चुकत नाही. असं चुकायला यंत्र लागतं.

त्यांनी आधी चिमटीच्या घड्याळाचा विचार केला. मग मान वर करून कपाटाकडे पाहिलं.

घंटेवर एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. 'तपासले. बरोबर आहे.' खाली सही आणि सात वर्षांपूर्वीची तारीख. सही सेकंदबाईंची. फ्रीज त्या दिवसातून दोनदा तपासत, तराजू दर सोमवारी, सूक्ष्मदर्शक महिन्याला. घंटा त्यांनी सात वर्षांत तपासली नव्हती, कारण ती एका अत्यंत काटेकोर बाईनं तपासली असल्याची नोंद तिच्यावर होती.

"मामा, ती घंटा खाली घ्या. आणि चावी द्या."

बाईंनी खिशातलं सेकंदमापक काढलं. एक टण्ण ते दुसरं टण्ण: छत्तीस सेकंद. एकदा मोजलं म्हणजे मोजलं नाही, म्हणून दहा वेळा मोजलं. छत्तीस, छत्तीस, सदतीस, छत्तीस. स्प्रिंग ढिली झाली होती. ऐकू येणारी बत्तीस मुलं दहा टण्ण मोजून पाच मिनिटं लिहीत होती, आणि तेवढ्यात सहा मिनिटं होऊन गेलेली असत. ही घंटा जिला ऐकू येत नव्हती, ती एकटीच बरोबर होती.

"बंद पडलीय का?" मामांनी विचारलं.

"नाही. चालू आहे. तेच तर."

"मग बरंच आहे की."

बाई स्टुलावर बसल्या. त्या दिवशी साडेतीनचं तापमान तीन वाजून बावन्न मिनिटांनी लिहिलं गेलं, आणि बाईंनी वहीत तीन बावन्न असंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिमटीला बोलावलं, तिची वही उघडली, दोन्ही लाल शेरे एका सरळ रेघेनं खोडले, बाजूला सही करून तारीख घातली. मग तिच्याकडे तोंड करून सांगितलं, "तुझे आकडे बरोबर होते. घंटा चुकीची होती. आणि घंटा तपासणं माझं काम होतं."

चिमटीनं ते दोनदा वाचलं. एकदा ओठांवरून, एकदा वहीवरून.

"मला वाटलं माझं घड्याळ पुढे पळतं," ती म्हणाली. "तीनदा दुरुस्तीला दिलं. घड्याळजी म्हणाला, पोरी, याला काही झालेलं नाही, तू का छळतेस याला? मी म्हटलं, तरी पुन्हा बघा. बाकी बत्तीस जण आहेत. मी एकटी बरोबर कशी असेन?"

बावीस वर्षांच्या शिकवण्यात त्यांनी मुलांना हे शिकवलं होतं की एखादा आकडा बाकीच्यांत बसत नसेल तर तो पुन्हा तपासा. बाकीचे पुन्हा तपासा, असं शिकवायचं राहून गेलं होतं.

त्यांनी सगळं कागदावर मांडलं आणि प्राचार्यांपुढे ठेवलं: सात जणांची यादी, दहा मोजमापं, स्वतःची चूक. प्राचार्यांनी वाचलं, आणि त्यांचा रंग उतरला.

"म्हणजे सात वर्षांतले सगळे निकाल?"

"सात नसतील. घंटा कधी मंद झाली ते मला सांगता येणार नाही. मी तपासलं असतं तर सांगता आलं असतं. इथून शिकून गेलेल्यांना मी पत्रं लिहिणार आहे. ते कामावर चांगली घड्याळं वापरत असतील, पण किती वेळ योग्य, याचा त्यांचा अंदाज इथला आहे."

"पत्रात चूक म्हणू नका. सुधारणा म्हणा."

"सुधारणा नंतर होते सर. आधी चूक असते."

प्राचार्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते; त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट अशी हवी असे की ती झाली तरी झाल्यासारखी वाटू नये. "पण मग परीक्षेला घंटा नाही. चार दिवसांत नवी कुठून आणायची?"

"नवी नको. सर्वांना साधं काट्यांचं घड्याळ बांधू द्या. मामा दारात तपासतील."

"सर्वांना?" प्राचार्यांचा चेहरा उजळला. "हे चालेल! सर्वांना दिलं म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच नाही!"

"तिला एकटीला गरज होती तेव्हा—"

"तेव्हा ती सवलत होती बाई. आता ती व्यवस्था आहे."

अधीक्षकांनी तासाभरात नोटीस बदलली. 'घंटा दुरुस्तीसाठी काढल्यामुळे परीक्षार्थींच्या सोयीकरिता...' अशी तिची सुरुवात होती. नोटिशीपुढे वर्ग जमला आणि कुरकुर सुरू झाली. घंटेशिवाय कसं जमणार? डोळे नळीवर ठेवायचे की घड्याळावर? एकजण तर सहाय्य कक्षाचा अर्ज मागायला आला. त्यानं जादा वेळेच्या चौकटीत आधीच खूण करून आणली होती.

"अडचण काय?" बाईंनी विचारलं.

"बाई, एकाच वेळी दोन ठिकाणी बघता येत नाही."

"ही अडचण मला कळते," बाई म्हणाल्या. "आजवर वर्गात एकीलाच होती. तिला विचार, ती काय करते."

परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या महाविद्यालयाच्या एक परीक्षक आल्या. जाड चष्मा, कमी बोलणं. मामा दारात उभे राहून मनगटं तपासत होते आणि प्रत्येक घड्याळ कानाला लावून उगाचच मान डोलावत होते. चिमटीला जोडीदार म्हणून मिळाली ती वर्गातली सर्वांत घाबरट मुलगी. तिचं बोट चिमटीनं धरलं, पुसलं, टोचलं, आणि ते टोचल्याचं त्या मुलीला नळी भरल्यावर समजलं. चिमटीनं नळी डोळ्यांसमोर धरली. मनगट आतल्या बाजूनं तिच्याकडे वळलेलं होतं. एक तुकडा मोडला. मग थांबली. मग दुसरा.

आजूबाजूला गोंधळ होता. कुणी जोडीदाराला "तीस झाले की सांग" म्हणत होतं, आणि परीक्षकबाई "बोलायचं नाही" म्हणत होत्या. मग पलीकडच्या टेबलावर एकानं चिमटीकडे पाहिलं, आपल्या घड्याळाचा पट्टा सोडला, तबकडी आत वळवून पुन्हा बांधला. मग त्याच्या शेजारच्यानं. पाच मिनिटांत निम्म्या वर्गाची घड्याळं उलटी झाली.

अधीक्षक देखरेखीला होते. ते बाईंजवळ येऊन कुजबुजले, "ही कॉपी धरायची का?"

"कशाची? मनगटाची?"

परीक्षकबाईंनी चिमटीच्या नळीतला धागा पाहिला, तिनं लिहिलेला वेळ पाहिला, स्वतःच्या सेकंदमापकाकडे पाहिलं. नंतर चहाच्या वेळी त्यांनी सेकंदबाईंना विचारलं, "घड्याळ आतून बांधायचं हे तुमच्या प्रयोगशाळेचं तंत्र का? छान आहे."

"माझं नाही. त्या मुलीचं आहे." बाईंनी बोट दाखवलं. "मी तिला या कामात वीसपैकी नऊ देत होते."

परीक्षकबाईंनी अठरा दिले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण प्रमाणपत्रं छापून आली, आणि बाईंनी ती वाटण्यापूर्वी नेहमीप्रमाणे एकेक तपासली. एकतिसाव्यावर त्यांचा हात थांबला. गुण बरोबर होते. प्रात्यक्षिक: अठरा. त्याखाली कंसात, बारीक अक्षरांत: 'सवलतीसह उत्तीर्ण.'

त्या प्रमाणपत्र घेऊन अधीक्षकांकडे गेल्या.

"बरोबर आहे," अधीक्षक म्हणाले. "सहाय्य कक्षात तिचा अर्ज आहे. तुमच्याच सहीचा. अर्ज आहे म्हणजे सवलत आहे."

"कोणती सवलत?"

अधीक्षकांनी अर्ज काढला. चारही चौकटी कोऱ्या होत्या. खाली बाईंच्या नेटक्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'मनगटी घड्याळ.'

"घड्याळ सर्वांनी बांधलं होतं."

"पण अर्ज एकीचाच आहे. मी कागद बघतो बाई, मनगटं नाही बघत. आणि छापलेलं रद्द करायला मला वरून कारण लागेल."

बाईंना राग आला की त्यांचा आवाज आणखी खाली जाई. "समन्वयक म्हणून मला मागाहून अर्ज दाखल करता येतात का?"

"येतात. अहवाल जायचाय अजून. तुम्ही एकच तर दाखल केलाय. जितके जास्त तितकं बरं, सर म्हणत होते."

बाईंनी कोऱ्या अर्जांचा गठ्ठा मागून घेतला. त्या दुपारी त्यांनी वर्गातल्या उरलेल्या बत्तीस जणांना एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाला एक अर्ज भरायला लावला. परीक्षेत घड्याळ बांधलं होतं का? होतं. त्याशिवाय वेळ मोजता आला असता का? नसता. मग लिहा. पोरांनी हसत हसत लिहिलं. जादा वेळ मागायला आलेल्यानं विचारलं, "बाई, म्हणजे आम्ही पण अपंग का?" बाईंनी विचार करून सांगितलं, "घंटा काढून घेतली की, हो." चिमटीची जोडीदार एवढंच म्हणाली, "माझ्या प्रमाणपत्रावर पण ते लिहून आलं तरी चालेल मला. पण मग सगळ्यांच्या यायला पाहिजे." हे बाईंनी शब्दशः टिपून घेतलं आणि अर्जांच्या गठ्ठ्यावर सर्वांत वर लावलं.

संध्याकाळी बत्तीस अर्ज अधीक्षकांच्या टेबलावर होते. प्रत्येकावर सही, तारीख, वेळ.

"हे काय?"

"सवलतीचे अर्ज. नियमाप्रमाणे बत्तीस प्रमाणपत्रांवर 'सवलतीसह' छापून घ्या. बत्तीस पुन्हा छापायची, किंवा एक पुन्हा छापायचं."

अधीक्षकांनी गठ्ठा चाळला. मग बाईंकडे पाहिलं. मग पुन्हा गठ्ठ्याकडे. त्यांना छापखान्यात फोन करणं मुळीच आवडत नसे. तिथला माणूस त्यांना ओ देत नसे.

"बाई, तुम्ही माणसाला कामाला लावता."

"आपलं महाविद्यालय त्यासाठीच आहे."

एक पुन्हा छापलं गेलं. पुढच्या आठवड्यात वार्षिक अहवाल तयार झाला. त्यात सहाय्य कक्षाच्या लाभार्थींची संख्या पहिल्याच वर्षी तेहेतीस होती, आणि वरून प्राचार्यांना अभिनंदनाचं पत्र आलं. त्यांनी ते काचेत लावलं. बाईंची माजी विद्यार्थ्यांना लिहिलेली पत्रंही त्याच सुमारास गेली. त्यांतल्या दोघांनी उलट लिहिलं की कामावर लागल्यावर त्यांना शंका आली होती, पण बाई चुकतील असं वाटलं नाही. ती पत्रं बाईंनी काचेत लावली नाहीत. घंटेच्या रिकाम्या जागी, कपाटावर, रोज दिसतील अशी ठेवली.

प्रमाणपत्र घ्यायला चिमटीसोबत मावशी आली. खिडकीपाशी रांग होती, आणि मावशीनं सवयीनं पुढच्या तिघांना "सरका, सरका" करून बाजूला केलं. प्रमाणपत्र हातात आल्यावर तिनं ते पिशवीत टाकलं नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि बोट धरून वाचायला लागली. अभ्यासक्रमाचं नाव. वर्ष. लेखी. प्रात्यक्षिक, अठरा. त्याच्या खाली बोट थांबलं. मग आणखी खाली गेलं, सहीपर्यंत, शिक्क्यापर्यंत, आणि पुन्हा वर आलं.

चिमटी तिच्या ओठांकडे बघत होती.

"काही नाही लिहिलेलं," मावशी म्हणाली. रांगेतले सगळे वळून बघायला लागले इतक्या मोठ्यानं म्हणाली, आणि मग लक्षात येऊन, आवाज अजिबात न करता, नुसत्या ओठांनी पुन्हा म्हणाली. "काही नाही. अठरा, आणि त्याच्या खाली काही नाही."

चिमटीनं कागद स्वतःच्या हातात घेतला, दोन बोटांत, कडेला धरून, आणि ती रिकामी ओळ बराच वेळ वाचत राहिली.